आधी दाढी ओळखा, मग रेझर घ्या: सेफ्टी रेझर निवडण्याची क्रमवार पद्धत

कार्ट्रिजचा, म्हणजे अनेक पात्यांच्या तयार डोक्यांचा, खर्च परवडेनासा झाला किंवा गळ्यावरची पुरळ हटेना, म्हणून दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरकडे वळणारे बरेच जण पहिल्याच महिन्यात तो रेझर कपाटात टाकून मोकळे होतात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे मशीन शॉप आहे. तिथल्या आणि शेजारच्या शॉपमधल्या सात-आठ जणांचे असेच झालेले मी पाहिले, आणि प्रत्येकाची चूक जवळजवळ एकच होती. सगळ्यात भारी कोणता असे विचारून त्यांनी रेझर आधी घेतला, त्यावर हाताला लागेल ते ब्लेड चढवले आणि स्वतःच्या दाढीचा विचार रक्त आल्यावर केला. क्रम नेमका याच्या उलट हवा.

दुसरी चूक शब्दांची आहे. जहालपणा, आराम आणि कार्यक्षमता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना मात्र आपण त्यांची एकच मोट बांधतो. ब्लेडची धार त्वचेला किती भिडते आणि हात जरा चुकला तर रेझर किती शिक्षा करतो, हा झाला जहालपणा. एकदा फिरवलेल्या हातात किती केस निघतात, ही कार्यक्षमता. दाढी चालू असताना आणि संपल्यावर तासाभराने त्वचेला काय वाटते, तो आराम. मवाळ रेझर म्हणजे आरामदायी रेझर असे गृहीत धरणारा माणूस त्याच मवाळ रेझरने गळ्यावर चार-चार हात मारतो आणि मध्यम रेझरच्या दोन हातांत झाली नसती एवढी जळजळ ओढवून घेतो. उलट बाजूने, जहाल रेझर काम झपाट्याने उरकेलच असेही नाही, कारण ब्लेडची पकड सैल असेल तर धार थरथरते आणि केस कापण्याऐवजी ओढते. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजता आल्या, तर निवड अवघड राहत नाही.

टप्पा 1: दाढीचा नकाशा काढा

दोन दिवस दाढी करू नका. दाढीचे केस दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतात, त्यामुळे दोन दिवसांत त्यांची दिशा हाताला स्पष्ट कळते. एखादे जुने एटीएम कार्ड घ्या आणि त्याची कड कोरड्या गालावरून चारही दिशांनी हलकेच फिरवा. ज्या दिशेला ती विनाअडथळा घसरते ती केसांची सुलट दिशा, आणि जिथे ती खरखरत अडते ती उलट. कागदावर चेहऱ्याची ढोबळ आकृती काढून कल्ले, गाल, जबड्याची कड, हनुवटी, ओठावरची जागा, गळ्याची डावी आणि उजवी बाजू अशा प्रत्येक ठिकाणी बाण काढा. गालावरचे बाण बहुधा खाली जातील. गळ्यावर मात्र अनेकांचे केस आडवे किंवा खालून वर वाढतात, काहींना तिथे चक्क भोवराही असतो. आणि बहुतेकांची पुरळ नेमकी तिथेच उठते, कारण आपण सुलट हात मारत आहोत अशा समजुतीत ते रोज उलटा हात मारत असतात.

नकाशाच्या खाली तीन नोंदी करा. केस राठ आणि दाट आहेत की मऊ आणि विरळ, ही पहिली. दाढीनंतर त्वचा कशी वागते, म्हणजे लाल होते, पुरळ येते, की केस आत वळून गाठी येतात, ही दुसरी. तिसरी नोंद बहुतेक जण करतच नाहीत आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे: दोन दाढ्यांमध्ये किती दिवस जातात? आपल्याकडे सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी दाढी न करणारी घरे आहेत, श्रावण पाळून महिनाभर वस्तरा न लावणारेही आहेत. रोज दाढी करणाऱ्याच्या चेहऱ्यावर अर्धा मिलिमीटरही केस नसतात. चौथ्या दिवशी करणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते दीड मिलिमीटरच्या आसपास पोहोचलेले असतात. या दोघांना एकच रेझर लागू पडेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

तपासणी: नकाशावर गळ्याच्या दोन्ही बाजूंचे बाण अगदी सारखे आले असतील, तर कार्ड पुन्हा एकदा फिरवून पाहा. गळ्याच्या दोन बाजू सहसा सारख्या नसतात.

टप्पा 2: रेझरवर ढकललेले दोष आधी बाजूला काढा

नवा रेझर घेण्याआधी पंधरा दिवस सध्याच्याच रेझरने, पण नीट तयारी करून दाढी करा. अंघोळीनंतर लगेच दाढी करा, किंवा कोमट पाण्याचा रुमाल दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर धरा. पाणी प्यालेला केस फुगून मऊ होतो आणि तो कापायला कोरड्या केसापेक्षा बरीच कमी ताकद लागते. नुसते दोन हबके मारून लावलेल्या फेसाने हे साधत नाही.

पाण्याकडेही लक्ष द्या. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस नीट धरत नाही. दिसायला पांढरा दिसतो पण मिनिटभरात सुकून त्याचा पापुद्रा होतो. ज्यांच्या अपार्टमेंटमध्ये वापरायला बोअरचे पाणी येते त्यांनी एक तांब्या पिण्याचे पाणी वेगळे ठेवून त्यातच ब्रश भिजवावा. ब्रश चेहऱ्यावर गोल-गोल निदान मिनिटभर फिरवावा आणि फेस दह्यासारखा ओलसर, चकाकणारा झाला की थांबावे. साबणाच्या पाण्यावर तरंगतो तसा हवेने भरलेला हलका फेस उपयोगाचा नाही.

या पंधरवड्यात नकाशाप्रमाणे फक्त सुलट हात मारा आणि दाब देऊ नका. एवढ्यानेच पुरळ गेली, तर दोष रेझरचा नव्हता आणि जहालपणाचा शोध घेण्याची गरजही उरली नाही.

सावधान: मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, जखमेच्या जागी वण फुगण्याची प्रवृत्ती असेल किंवा चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा आणि पुढच्या सर्व टप्प्यांत मवाळ बाजूलाच राहा.

टप्पा 3: रेझरचे डोके वाचायला शिका

खोक्यावरच्या मजकुरावर विसंबू नका. रेझरचे डोके बाजूने डोळ्यांसमोर धरा. वरची टोपी, मध्ये ब्लेड आणि खाली संरक्षक पट्टी असलेले तळ असे त्याचे तीन भाग दिसतील. दुधारी ब्लेड साधारण 43 मिलिमीटर लांब, 22 मिलिमीटर रुंद आणि फक्त 0.1 मिलिमीटर जाड असते. एवढे पातळ पान सपाट धरले तर लवलवते. टोपी त्याला कमान देऊन वाकवते, आणि पत्र्याला बाक दिला की तो ताठ होतो, हे आमच्या धंद्यात शिकाऊ पोरालाही माहीत असते. रेझरचा स्वभाव पुढच्या चार गोष्टींवरून कळतो.

पहिली गोष्ट फट. ब्लेडची धार आणि संरक्षक पट्टी यांच्यामधले हे अंतर. ढोबळ मानाने 0.5 मिलिमीटरच्या आतली फट मवाळ, 0.6 ते 0.8 मधली मध्यम आणि त्यापुढची जहाल समजली जाते. हे आकडे वाचून एखाद्याला वाटेल की पाव मिलिमीटरने काय बिघडते. पण दाढीचा केसच सुमारे 0.1 मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे पाव मिलिमीटरमध्ये असे दोन-अडीच केस शेजारी-शेजारी मावतात. फट वाढली की त्वचेचा फुगवटा आत शिरायला जागा मिळते. लोक मात्र फटीचा आकडा एवढाच निकष धरतात, आणि इथेच फसतात.

दुसरी गोष्ट उघडी धार, आणि जहालपणा ठरवण्यात तिचा वाटा बहुधा फटीपेक्षा मोठा असतो. टोपीची कड आणि संरक्षक पट्टी या दोघांना टेकणारी एक सरळ रेषा मनात ओढा. गालावर रेझर टेकवला की त्वचा साधारण त्याच रेषेवर येते. ब्लेडची धार त्या रेषेच्या बाहेर डोकावत असेल तर रेझर जहाल, नेमकी रेषेवर असेल तर समतोल आणि रेषेच्या आत लपलेली असेल तर मवाळ. फट मोठी पण धार लपलेली, असा रेझर राठ केस सहज घेतो आणि त्वचेला फारसा बोचत नाही. फट लहान पण धार बाहेर, असा रेझर आकड्यांत मवाळ दिसतो आणि गळ्यावर मात्र चांगलाच जाणवतो.

तिसरी गोष्ट पकड. टोपी आणि तळ यांनी ब्लेडला धारेपासून किती जवळ दाबून धरले आहे ते पाहा. एका बाजूने धरलेल्या पट्टीच्या टोकावर भार आला की तिचे लवणे मोकळ्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मोकळा भाग दुप्पट झाला तर तेवढ्याच भाराला पट्टी आठपट लवते. लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, कापायचे हत्यार जास्त बाहेर काढून काम केले की कातलेल्या तुकड्यावर थरथरीच्या लाटा उमटतात, तोच प्रकार इथे गालावर होतो. जहाल असूनही गुळगुळीत चालणारे रेझर आणि मवाळ असूनही ओढणारे रेझर यांच्यातला फरक बहुतेक वेळा या पकडीतच असतो. दुकानात याविषयी विचारणारा गिऱ्हाईक मला अजून भेटलेला नाही.

चौथी गोष्ट पट्टीचा प्रकार. सरळ पट्टी, लाटेसारखी कातरलेली पट्टी आणि दातेरी म्हणजे कंगव्यासारखी पट्टी असे तीन प्रकार मिळतात. दातेरी रेझर जहालच असतो हा समज खोटा आहे. दात्यांमधून लांब केस आणि फेस ब्लेडपर्यंत पोहोचतात एवढेच त्याचे काम. जहालपणा ठरतो तो फट आणि उघडी धार यांच्यावर. याखेरीज डोके मुद्दाम तिरके घडवलेले रेझर असतात, उदाहरणार्थ मर्कुर 37सी. ऊसतोडीत कोयत्याचा घाव तिरका बसला की ऊस हलक्या हाताने तुटतो, तसाच या रेझरचा तिरका काप राठ केसांना सोपा जातो. पण त्याला हाताची सवय लागते, म्हणून पहिला रेझर म्हणून तो घेऊ नये.

तपासणी: कोणत्याही रेझरविषयी फट किती, धार आत की बाहेर, पकड धारेपासून जवळ की लांब, या तीन प्रश्नांची उत्तरे देता येईपर्यंत पैसे काढू नका. उत्तरे नेमकी मोजलेली नसली तरी चालतील, डोळ्यांनी दिसलेली मात्र असली पाहिजेत.

टप्पा 4: नकाशा आणि रेझर यांची सांगड घाला

रोज किंवा दिवसाआड दाढी करणाऱ्या, मऊ केसांच्या किंवा नाजूक त्वचेच्या माणसाने मवाळ रेझर घ्यावा. जपानी फेदर एएस-डी2 हे या गटाचे ओळखीचे उदाहरण. किंमत जास्त आहे, पण चुका सांभाळून घेणारा रेझर कसा असतो ते त्यावरून कळते. ज्यांना अजून हाताचा अंदाज नाही त्यांनी मवाळ ते मध्यम या पट्ट्यात राहावे. मर्कुर 34सी, म्युले आर89 आणि एडविन जॅगर डीई89 हे या पट्ट्यातले वर्षानुवर्षे चाललेले नमुने आहेत, आणि भारतीय बनावटीच्या पार्करचे अनेक रेझर त्यांच्या आसपासच बसतात. कुणाला एकच उत्तर हवे असेल तर मी याच पट्ट्याकडे बोट दाखवतो.

केस राठ, दाढी दोन-तीन दिवसांनी, आणि त्वचा मात्र फारशी तक्रार न करणारी, अशा माणसाने मध्यम फट, समतोल धार आणि घट्ट पकड असलेला रेझर शोधावा. चार-पाच दिवसांची वाढ एकदम काढणाऱ्याला दातेरी पट्टीचा खरा उपयोग होतो. म्युले आर41 हा दातेरी आणि चांगलाच जहाल रेझर आहे. तो हातात घेण्यापूर्वी निदान सहा महिने मध्यम रेझरवर काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे जोरदार ते चांगले अशी एक खुमखुमी असते. शेजारच्या शॉपमधल्या एकाने तिच्यापायी पहिल्याच दिवशी हा प्रकार हातात घेतला आणि तीन दिवस हनुवटीला कापूस चिकटवून तो ड्रिलिंग मशीनवर उभा होता.

केस आत वळून गाठी येणाऱ्यांनी अगदी गुळगुळीत दाढीचा हट्ट सोडावा. त्यांना मध्यम-मवाळ रेझर, फक्त सुलट हात आणि बोटाला किंचित खरखर लागेल एवढे राखलेले केस हेच मानवते. त्वचेच्या पातळीखाली कापलेला वळणदार केस उगवताना आतच शिरतो, आणि त्यावर कोणताही महाग रेझर उपाय नाही.

आपण कोणत्या गटात बसतो याविषयी खरोखरच संभ्रम असेल, तर बदलता येणारा रेझर घ्यावा. पार्कर व्हेरियंटमध्ये चकती फिरवून फट कमी-जास्त करता येते; रॉकवेल 6एसमध्ये तीन दुहेरी तळपट्ट्या मिळतात आणि त्या उलटसुलट लावून सहा पायऱ्या होतात. अशा रेझरची सुरुवात सर्वांत खालच्या पायरीवरून करायची असते. लोक मधल्या आकड्यावरून सुरू करतात आणि तिसऱ्या दिवशी शेवटचा आकडा गाठतात. मग पैसे कशासाठी दिले ते त्यांचे त्यांनाच कळत नाही.

धातूबद्दल थोडक्यात. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या रेझरची डोकी बहुधा झमॅक या जस्ताच्या मिश्रधातूची, वर क्रोम चढवलेली असतात. ती उत्तम चालतात. पण फरशीवर पडली किंवा आटे जास्त आवळले की तुटतात, आणि क्रोम उडालेल्या जागी आपल्या पावसाळ्यातल्या ओलसर न्हाणीघरात धातू खराब होऊ लागतो. पितळ आणि स्टेनलेस स्टील टिकाऊ, किंमत अर्थातच जास्त. पंखांसारखी दोन झाकणे उघडणारा रेझर ब्लेड बदलायला सोपा असतो. जड पाण्याचा क्षार मात्र त्याच्या सांध्यात साचतो. बोअरचे पाणी असेल तर टोपी, तळ आणि दांडी अशा तीन सुट्या भागांचाच घ्या.

टप्पा 5: घरी आणल्यावर, चेहऱ्याला लावण्याआधी

ब्लेड उचलताना नेहमी आखूड बाजूंनी धरा. टोपी उलटी हातावर ठेवा, त्यावर ब्लेड, त्यावर तळ बसवा, तळ बोटांनी दाबून धरूनच दांडी आवळा आणि आवळताना बोटे धारेपासून दूर ठेवा. मग रेझर खिडकीच्या उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहा. धार दोन्हीकडे सारखी डोकावली पाहिजे आणि पट्टीला समांतर दिसली पाहिजे. एकीकडे जास्त दिसली तर दांडी सैल करून ब्लेड पुन्हा बसवा.

ज्यांच्या ओळखीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पोलादी पाने, आहे, आणि या गावात ते बहुतेकांच्या ओळखीत असतेच, त्यांनी आणखी एक गोष्ट करावी. जुने, टाकायचे ब्लेड रेझरमध्ये बसवून गेजची पाने एकेक करून बाजूच्या टोकाकडून फटीत सरकवावीत. जे पान हलकेच अडत जाते ती फट. हे माप दोन्ही बाजूंना, दोन्ही टोकांना, असे चार वेळा घ्यावे. दोन वर्षांपूर्वी मी एक नवा रेझर असा मोजला होता. डाव्या बाजूला 0.60 चे पान अडत होते आणि उजव्या बाजूला 0.80 चे पान सुळकन जात होते. एकाच दांडीवर दोन स्वभावांचे रेझर होते, आणि फक्त उजव्या गालावर ओरखडे का येतात याचे कोडे महिनाभर मला सुटले नव्हते. ब्लेड काढून पुन्हा बसवले तरी फरक तसाच राहिला, म्हणजे दोष ओतकामातला होता. मी तो रेझर परत केला.

सावधान: मोजलेले ब्लेड चेहऱ्याला लावू नका, गेजच्या पोलादाने धार मोडलेली असते. आणि रेझर अधिक जहाल करण्यासाठी दांडी अर्धा आटा सैल ठेवण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. तीन भागांच्या रेझरमध्ये त्यामुळे ब्लेड एकीकडे सरकते आणि पकड नाहीशी होते.

टप्पा 6: ब्लेड एकच ठरवा

रेझर आणि ब्लेड एकाच वेळी बदलले, तर बरे-वाईट कशामुळे झाले ते कधीच कळणार नाही. लक्ष्मीपुरीतल्या कोणत्याही ठोक दुकानात सहज मिळणारे, मध्यम धारेचे एक ब्लेड निवडा, त्याची दोन पाकिटे एकदम घ्या आणि चाचणी संपेपर्यंत त्यालाच चिकटून राहा. फेदरसारखे फार धारदार ब्लेड सुरुवातीला नको. मवाळ रेझरमध्ये ते शोभून दिसते, पण जहाल रेझरमध्ये नवख्या हाताची एकही चूक ते सोडत नाही. एका ब्लेडवर तीन, फार तर चार दाढ्या करा. ब्लेड रुमालाने पुसू नका, कारण धारेवर पातळ लेप असतो आणि पुसण्याने तो आणि धार दोन्ही जातात. पाण्याखाली धुऊन झटकणे पुरे. घरात दोघे एकच रेझर वापरत असतील तर ब्लेड तरी प्रत्येकाचे वेगळे हवेच, कारण रक्तातून पसरणारी कावीळ असल्या सामायिक ब्लेडांतूनही पसरू शकते.

टप्पा 7: सात दाढ्यांची चाचणी

एका दाढीवरून मत बनवू नका. सात दाढ्या करा आणि त्यातल्या पहिल्या दोन हिशेबात धरू नका, कारण त्या हाताच्या सवयीसाठी असतात.

रेझरची टोपी गालावर सपाट टेकवा, दांडी जमिनीला जवळजवळ समांतर ठेवा आणि हलके खाली ओढता ओढता दांडी हळूहळू खाली झुकवा. केस कापल्याचा बारीक करकर आवाज आला की तोच कोन धरा. ब्लेड तेव्हा त्वचेशी साधारण 30 अंशांत असते. कार्ट्रिज वापरलेल्यांची सर्वांत घट्ट रुजलेली चूक इथे उघडी पडते. कार्ट्रिजचे डोके स्वतः वळते आणि दाब मागते. सेफ्टी रेझरचे डोके वळत नाही आणि दाब सहन करत नाही. दांडी टोकाकडे, बोटांच्या चिमटीत धरा, म्हणजे दाबावे म्हटले तरी दाबता येणार नाही. वजन धातूचे पडू द्या. हात आखूड ठेवा, दोन-अडीच सेंटिमीटरचा, आणि दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरा.

पहिला हात सुलट मारा. पुन्हा फेस लावा आणि दुसरा हात आडवा मारा. पहिल्या पाच दाढ्यांत उलटा हात मारायचाच नाही. सलूनमध्ये उलटा हात मारून घेतल्यावर मिळणारा गुळगुळीतपणा घरी पहिल्याच आठवड्यात मिळवायला गेलात, तर चाचणी रेझरची न होता सहनशक्तीची होईल. फेस नसलेल्या जागेवर रेझर परत फिरवू नका, मग तिथे एखादा केस राहिलेला दिसला तरी.

प्रत्येक दाढीनंतर वहीत तीन आकडे लिहा, प्रत्येकी पाचपैकी. दाढी चालू असताना ब्लेड त्वचेवर किती जाणवले, हा जहालपणाचा आकडा. दोन हातांनंतर किती केस उरले, हा कार्यक्षमतेचा. त्यासाठी कापसाचा बोळा जबड्यावरून उलट दिशेने फिरवावा, तंतू जिथे अडकतात तिथे काम राहिलेले असते. तिसरा आकडा आरामाचा, आणि तो लगेच लिहायचा नाही. थंड पाण्याने चेहरा धुऊन तुरटीचा ओला खडा फिरवा. चटका कुठे बसला ती जागा नकाशावर टिंब देऊन नोंदवा, तुरटी धुऊन टाका आणि तासाभराने त्वचेचा ताण आणि लाली पाहून मग आकडा भरा.

तपासणी: टिंबे दररोज एकाच जागी येत असतील तर तिथली केसांची दिशा नकाशावर चुकली आहे. ती रोज नव्या जागी येत असतील तर कोन किंवा दाब अजून हातात बसलेला नाही. या दोन्ही स्थितींत रेझरविषयी निर्णय घेऊ नका. चाचणी तीन दाढ्यांनी वाढवा.

टप्पा 8: आकडे वाचा आणि एकच पायरी हला

ब्लेड फारसे जाणवत नाही, तासाभराने त्वचा शांत आहे, पण दोन हातांनंतरही जबड्याखाली बरेच केस उरतात, असे असेल तर रेझर तुमच्या वाढीला अपुरा आहे. आधी अधिक धारदार ब्लेडचे एक पाकीट वापरून पाहा, कारण ते स्वस्तात पडते. त्यानेही भागले नाही तर फट किंवा पायरी एकानेच वाढवा.

ब्लेड खूप जाणवते, केस सगळे निघतात, आणि तुरटी गळ्यावर सणकून लागते, तर रेझर एक पायरी जहाल आहे. इथे मवाळ ब्लेडने थोडी सुधारणा होते, पण उघडी धार फार असेल तर ब्लेड बदलून ती आत जात नाही. रेझरच बदलावा लागतो.

ब्लेड जाणवते आणि केसही उरतात, हे सर्वांत वाईट आणि बहुतेक वेळा चुकीचे वाचले जाणारे लक्षण. लोक याला रेझर कमी पडतो असे म्हणतात आणि आणखी जहाल रेझर आणतात. प्रत्यक्षात धार थरथरत असते. ब्लेड नीट बसले आहे का, कोन उभा होतो आहे का आणि पकड धारेपासून लांब आहे का, या क्रमाने तपासा. पकडीचाच दोष निघाला तर त्या रेझरवर वेळ घालवू नका.

ब्लेड जाणवत नाही, केस नीट निघतात, तरी तासाभराने चेहरा ताणतो, असे झाले तर रेझरला हात लावू नका. साबण बदला, फेस अधिक ओला ठेवा आणि हातांची संख्या मोजा. न मोजता मारलेला तिसरा हात बहुधा तिथे सापडतो.

तीनही आकडे समाधानाचे आले की शोध थांबवा आणि तोच रेझर, तेच ब्लेड, तीच पायरी किमान तीन महिने ठेवा. अपवाद श्रावण पाळणाऱ्यांचा. महिनाभराची दाढी थेट रेझरने काढायला गेलात तर कोणताही रेझर पहिल्याच दोन हातांत बुजतो, आणि मग रेझर बिघडला असे वाटून पायरी वाढवली जाते. ती दाढी आधी ट्रिमरने एक मिलिमीटरपर्यंत आणा, त्या दिवशी नवे ब्लेड लावा, फक्त सुलट हात मारा आणि उरलेले दुसऱ्या दिवशीसाठी सोडा.

वापरलेली ब्लेडे झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकत जा. डबा भरला की चीर चिकटपट्टीने बंद करा आणि घंटागाडीत टाकताना आत ब्लेडे आहेत असे तिथल्या माणसाला सांगूनच द्या.